मळीत गेलेले तांबे जाते कुठे?

एव्हरशाईन सिटीतल्या जुन्या इमारतींमध्ये घरांची डागडुजी सतत कुठे ना कुठे चालू असते. फ्लॅट विकत घेतला की नवा मालक आधी फरशी उखडतो, मग भिंतीतली वायर बदलतो. जुन्या वायरींची भेंडोळी, गळके नळ, जळलेली पंप-मोटर हे सगळे गोणीत भरून भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते. काट्यावर तांब्याचा भाव वेगळा, पितळेचा वेगळा, लोखंडाचा वेगळा. हातात चार पैसे पडतात आणि घरमालकाच्या लेखी त्या तांब्याची गोष्ट तिथे संपते.

आरोग्याच्या दृष्टीने ती तिथून पुढे सुरू होते. ती वायर एक तर सोलली जाते, नाही तर जाळली जाते. उरलेले तांबे कुठल्या तरी भट्टीत वितळते आणि त्याच्या लाद्या किंवा नवे सुटे भाग बनतात. पण भट्टीत शंभर किलो घातले म्हणून शंभर किलो बाहेर येत नाही. काही भाग वर तरंगणाऱ्या मळीत जातो, काही धुरात, काही राखेत. धंद्यात त्याला ‘घट’ म्हणतात. हिशेबाच्या वहीत ‘घट’ लिहिले की रकाना भरतो. पण धातू काही नाहीसा होत नाही. तो कुठे तरी जातोच आणि कुणाच्या तरी अंगणात, पाण्यात किंवा रक्तात शिरतो. म्हणून तांब्याच्या मळीचा हिशेब हा जितका कारखानदाराचा, तितकाच दवाखान्याचाही विषय आहे.

धातू मळीत जातो कसा, हे ज्याने उसाचे गुऱ्हाळ पाहिले आहे त्याला चटकन कळेल. काहिलीत रस उकळू लागला की मळी वर येते. गुळव्या भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतो, त्याने मळी एकत्र धरते आणि मग तो ती काढून टाकतो. मळी नीट निघाली नाही तर गूळ काळपट होतो. घाईने काढली तर तिच्याबरोबर चांगला रसही वाया जातो. तांब्याच्या भट्टीतही हेच घडते. खाणीतले दगड दळून, धुऊन जो सांद्रित माल भट्टीत येतो, त्यात साधारण २५ ते ३० टक्के तांबे असते. उरलेला बराचसा भाग लोह आणि गंधक. १२०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या भट्टीत त्यावर प्राणवायू सोडतात आणि वाळू घालतात. इथे वाळूचे काम गुऱ्हाळातल्या भेंडीचे. लोह वाळूशी संयोग पावून हलक्या, काचेसारख्या रसात जाते आणि वर तरंगते. ती मळी. तांबे आणि गंधकाचा जड रस तळाशी बसतो. तेल-पाण्यासारखे दोन थर होतात.

हे वेगळे होणे मात्र कधीच पूर्ण होत नाही. तांबे दोन वाटांनी मळीत राहते. पहिली वाट अडकण्याची. जड रसाचे बारीक थेंब मळीत लोंबकळत राहतात. थेंब निम्म्या आकाराचा झाला की तो चौपट सावकाश खाली बसतो. म्हणजे अगदी बारीक थेंबांना तळ गाठायला वेळच मिळत नाही. त्यात मळी घट्ट झाली तर विचारायलाच नको. वाळू जास्त झाली किंवा प्राणवायू जास्त होऊन चुंबकी लोहाचे कण तयार झाले, की मळी दाट होते. दुसरी वाट विरघळण्याची. प्राणवायू वाढवला की खालचा रस तांब्याने अधिक समृद्ध होतो, पण तांब्याचाही थोडा भाग ऑक्सिडीभूत होऊन मळीत साखरेसारखा विरघळतो. तो नुसता वेळ देऊन खाली बसत नाही. म्हणजे एकीकडे कमावताना दुसरीकडे गमवावे लागते. भट्टी चालवणे हे या दोन टोकांमधले रोजचे तारतम्य आहे.

आकडे पाहिले की त्याचे मोल कळते. एक टन तांब्यामागे दोन टनांहून अधिक मळी निघते. पहिल्या भट्टीच्या ताज्या मळीत एक-दोन टक्के तांबे असते, पुढच्या शुद्धीकरणाच्या टप्प्यातल्या मळीत चार ते आठ टक्केही सापडते. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची तांब्याची खाण आहे. तिथे डोंगर फोडून जो दगड काढतात, त्यात तांबे साधारण एक टक्का. म्हणजे ताजी मळी हीच एक खाण आहे. म्हणून मोठे कारखाने तिच्यावर पुन्हा काम करतात. एक तर ती विजेच्या भट्टीत कोळशासह शांत ठेवून तांबे खाली बसू देतात, नाही तर सावकाश थंड करून, दळून, फेसाबरोबर तांब्याचे कण वेगळे काढतात. तरीही शेवटी टाकलेल्या मळीत अर्धा ते पाऊण टक्का तांबे राहतेच. वर्षाला दहा लाख टन मळी निघणाऱ्या कारखान्यात ०.७ टक्के म्हणजे सात हजार टन तांबे झाले.

जुन्या वैद्यांना ही गोष्ट वेगळ्या वाटेने ठाऊक होती. लोखंडाच्या भट्टीची वर्षानुवर्षे पडून राहिलेली मळी म्हणजे मंडूर. पांडुरोगावर मंडूरभस्म देण्याची प्रथा आयुर्वेदात आहे. टाकाऊ दिसणाऱ्या दगडात धातू शिल्लक आहे, एवढे त्या काळीही लोकांनी ओळखले होते. आज त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न विचारावा लागतो: धातूबरोबर आणखी काय शिल्लक आहे?

तांब्याच्या खनिजासोबत आर्सेनिक, शिसे, जस्त, अँटिमनी असे सोबती येतात. त्यांतले काही वाफ होऊन धुळीत जातात, काही मळीत. मळी म्हणजे सरसकट विष असे मात्र नाही. झटकन थंड झालेल्या काचेसारख्या मळीत हे धातू बरेचसे बंदिस्त असतात. घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांनी अशा भट्ट्यांच्या मळीला घातक कचऱ्याच्या यादीतून वेगळे ठेवले आणि तिच्यासाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना असाव्यात असे म्हटले. त्याच वर्षीच्या भारतीय मानकाने काँक्रीटमध्ये वाळूऐवजी ठरावीक प्रमाणात तांब्याची मळी वापरायला परवानगी दिली. जहाजांचा गंज काढायलाही ती वापरतात. वाळूच्या फवाऱ्याने कामगारांना सिलिकोसिस होतो, त्या मानाने मळीचा फवारा बरा. पण त्या धुळीतही आर्सेनिक आणि बेरिलियमचे अंश असतात, तेव्हा मुखवटा सुटत नाही. थोडक्यात, मळी कुठे आहे, किती बारीक आहे, तिच्यावर कुठले पाणी पडते, यावर तिचा धोका ठरतो. नदीकाठी उघड्यावर टाकलेली मळी आणि काँक्रीटमध्ये बांधलेली मळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

महाराष्ट्राचा या मळीशी एकदा अगदी जवळून संबंध येता येता राहिला. १९९२ मध्ये रत्नागिरीत औद्योगिक विकास महामंडळाने स्टरलाइटला तांबे गाळण्याच्या कारखान्यासाठी पाचशे एकर जागा दिली. आंबा बागायतदार, शेतकरी, मच्छीमार रस्त्यावर उतरले. वर्षभर आंदोलन चालले आणि १९९३ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी बांधकाम थांबवायला सांगितले. कारखाना तमिळनाडूत तूतुकुडीला गेला. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. २०१८च्या मे महिन्यात तिथल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, १३ जणांचा जीव गेला आणि कारखाना बंद झाला. त्याआधी एप्रिलमध्ये तिथल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने परवाना वाढवून द्यायला नकार दिला होता. त्या नकाराच्या कारणांत उप्पार नदीच्या काठी टाकलेली तांब्याची मळी हटवली नाही, हेही एक कारण होते. २०२४च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले.

यातून रत्नागिरीकर वाचले, एवढाच धडा घेऊन थांबणे पुरेसे नाही. कारखाना बंद झाला तेव्हा भारत शुद्ध तांब्याचा निर्यातदार देश होता. त्यानंतर तो आयातदार झाला. वायर, मोटर, फ्रीज, विजेवरची गाडी, सौर पॅनेल यांपैकी कुणाचेच तांब्यावाचून चालत नाही. मोठी भट्टी दाराशी नको म्हटल्याने तांब्याची गरज कमी होत नाही. ती कुणाच्या तरी दुसऱ्या दाराशी जाते, किंवा लहान लहान तुकड्यांत विभागून आपल्याच गल्लीत परत येते. भंगार वितळवणाऱ्या छोट्या भट्ट्या हे त्याचे दुसरे रूप आहे.

वसई पूर्वेला रेल्वेमार्गाकडून महामार्गाकडे जाताना एकीकडे एव्हरशाईनसारखी दाट वस्ती आणि पुढे गोखिवरे, वालीव, सातिवलीच्या औद्योगिक वसाहती. गाळ्यांना लागून चाळी, चाळींना लागून इमारती. महामुंबईत अशा सरमिसळ वस्त्या जागोजागी आहेत. ज्या गाळ्यात तांबे-पितळ वितळते, तिथे मोठ्या कारखान्याची विजेची भट्टी नसते, प्रयोगशाळा नसते आणि मळीतले तांबे परत मिळवण्याची सोयही नसते. तिथली घट टक्केवारीने मोठ्या कारखान्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि ती जिथे जाते, ते ठिकाण माणसाच्या नाकापासून हातभर अंतरावर असते.

डॉक्टरांनी यातली तीन चित्रे ओळखीची करून घ्यायला हवीत. पहिले, धातूच्या धुराचा ताप. पितळ वितळले की त्यातल्या जस्ताचा पांढरा धूर होतो. तो श्वासात गेला की काही तासांनी, बहुधा संध्याकाळी, थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते, तोंडात धातूची चव येते आणि एक-दोन दिवसांत सगळे आपोआप शमते. सुट्टीनंतर कामावर आल्या दिवशी हा त्रास जास्त होतो. पावसाळ्यात अशा रुग्णावर मलेरियाचाच संशय येणार, आणि ती तपासणी करायलाच हवी. पण रक्तात जंतू सापडला नाही तर ‘काल भट्टीवर होतात का?’ हा प्रश्नही विचारायला हवा.

दुसरे चित्र शिशाचे. नळाच्या पितळेत यंत्रावर कापायला सोपे जावे म्हणून दोन-तीन टक्के शिसे घातलेले असते. डाग देण्याच्या धातूत शिसे असते. जुन्या वायरीच्या प्लास्टिकमध्येही शिशाचे क्षार असतात. हे सगळे धुरात, राखेत आणि मळीत उतरते. पोटात कळा, बद्धकोष्ठ, न भरून येणारा पंडुरोग, चिडचिड, हाताच्या पंजातली ताकद जाणे अशा तक्रारी घेऊन कामगार येतो. जंताचे औषध, लोहाच्या गोळ्या, पित्ताची गोळी घेऊन परत जातो आणि पुन्हा त्याच धुरात उभा राहतो. शिसे हाडांत वर्षानुवर्षे मुक्काम करते, त्यामुळे काम सोडल्यावरही ते लगेच पाठ सोडत नाही.

तिसरे चित्र मुलांचे, आणि ते सर्वांत काळजीचे. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसे शोषून घेते. त्याचा मेंदू घडत असतो, आणि तिथे झालेली हानी पुढे औषधाने भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही. युनिसेफने २०२०च्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शंभर मिलिलिटरमागे पाच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असल्याचा अंदाज दिला. यातले प्रत्येक मूल भट्टीजवळ राहते असे नाही; शिशाला वाटा अनेक आहेत. पण बाप भट्टीवरून आला आणि त्याच कपड्यांनी त्याने मुलाला उचलले, एवढी वाटही पुरेशी असते.

राखेचा प्रश्न यापुढचा. सोनाराच्या दुकानातली धूळ कधी वाया जात नाही. झारेकरी ती विकत घेऊन, धुऊन सोन्याचे कण काढतात. तांब्या-पितळेच्या राखेलाही असेच गिऱ्हाईक असते. ती कुटतात, चाळतात, पाण्याने धुतात. जड धातू तळाशी राहतो आणि हलका, विषारी भाग पाण्याबरोबर वाहून जातो. उत्तर प्रदेशात मुरादाबादला रामगंगेच्या काठी जाळलेल्या संगणकी कचऱ्याची राख अशीच धुतली जाई, आणि प्रकरण हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. धुऊन उरलेली राख आणि मळी खोलगट जागेत भराव म्हणून टाकली, तर काय होईल हे एव्हरशाईनच्या रहिवाशांना वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात इथल्या रस्त्यांवर पाणी भरते तेव्हा ते कुठून काय घेऊन येते, हे कुणी तपासत नाही. वायर उघड्यावर जाळली तर त्यात भर पडते, कारण प्लास्टिकमधल्या क्लोरीनपासून डायॉक्सिन तयार व्हायला तांबे स्वतःच मदत करते.

कायद्याने यात काहीच केले नाही असे नाही. शिशाची आणि आर्सेनिकची विषबाधा १९४८च्या कारखाने कायद्यातच कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत आली. असा रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरने कारखाने निरीक्षकांना कळवायचे असते. पण कामगारांची संख्या ठरावीक आकड्याच्या खाली असलेला गाळा कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाही. आणि कळवण्याआधी निदान व्हायला हवे, निदानासाठी रक्तातले शिसे मोजायला हवे, आणि मोजण्यासाठी आधी शंका यायला हवी. रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या प्रश्नांत ‘काम काय करता?’ या प्रश्नाची भर घाला, असे त्याने वैद्यांना सांगितले. आजही केस पेपरवर व्यवसायापुढे ‘मजुरी’ एवढा एकच शब्द लिहिला जातो.

धातूचा माग काढून रोग हटवल्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. एके काळी यकृत कठीण होऊन लहान मुले दगावण्याचा एक आजार आपल्याकडे घरोघर ऐकू येई. १९८०च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. टॅनर यांनी त्या मुलांच्या यकृतात साठलेल्या तांब्याचा माग काढला. तो पितळेच्या, कल्हई नसलेल्या भांड्यांत तापवलेल्या आणि साठवलेल्या दुधापर्यंत पोहोचला. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते निरीक्षण छापले. दुधाची भांडी बदलली आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. ‘मुलाला दूध कशात देता?’ या साध्या प्रश्नाने ते साधले. तांब्याने भांडे कधी सोडले आणि ते कुठे गेले, एवढेच त्या मंडळींनी चिकाटीने शोधले.

भट्ट्यांबाबतही हीच चिकाटी हवी. पहिली गोष्ट, प्रत्येक भट्टीला धातूचा ताळेबंद बंधनकारक करावा: किती भंगार आत गेले, किती धातू बाहेर आला, किती मळी आणि राख उरली आणि ती कुणाला दिली. दुसरी, औद्योगिक वसाहतींमध्ये सामायिक भट्टीची सोय व्हावी, धूर ओढणाऱ्या झडपेसह आणि धूळ गाळणाऱ्या पिशव्यांसह. तिथे मळीतले तांबे परत मिळेल. गाळेवाल्याची घट कमी झाली तर तो आपणहून येईल. राखेला तिथेच भाव मिळाला तर ती नाल्यावर धुवायला कुणी नेणार नाही. तिसरी, पालघर जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांत भट्टी कामगारांच्या आणि त्यांच्या मुलांच्या रक्तातल्या शिशाची तपासणी ठरावीक काळाने व्हावी. नमुने मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवले तरी चालतील.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. अशी बंधने घातली की लहान धंदा मरतो, पोटावर पाय येतो. भंगार गोळा करणारे आणि वितळवणारे हात नसते तर तेवढेच तांबे कुठल्या तरी डोंगरातून नव्याने काढावे लागले असते, त्याहून कितीतरी जास्त ऊर्जा खर्चून आणि मळीचे नवे डोंगर उभे करून. म्हणूनच गाळ्यांना टाळे ठोकणे हा उपाय नव्हे. टाळे ठोकलेली भट्टी रात्री दुसरीकडे पेटते, जिथे तपासायला कुणीच जात नाही. धंदा राहिला पाहिजे आणि त्याचा धूर, राख आणि मळी हिशेबात आली पाहिजे. त्याचा खर्च एकट्या गाळेवाल्यावर टाकू नये. महापालिका, औद्योगिक वसाहती आणि तांबे वापरून नफा कमावणाऱ्या मोठ्या कंपन्या यांनी तो वाटून घ्यावा. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम २०२३च्या एप्रिलपासून लागू आहेतच.

तोवर इमारतीतल्या लोकांच्या हातातही थोडे आहे. वायरचे प्लास्टिक सोलणारे छोटे यंत्र फार महाग नसते. एखाद्या सोसायटीने किंवा दोन-चार सोसायट्यांनी मिळून ते भंगारवाल्याला घेऊन दिले, तर जाळण्याचे कारणच उरत नाही. निदान पुढच्या वेळी गोणी काट्यावर चढवताना भावाची घासाघीस झाल्यावर एक प्रश्न विचारावा: ‘दादा, ही वायर सोलता की जाळता?’ त्याच्या घरातही लहान मूल असेल. त्याला यामागचे कारण सांगितले, तर बहुधा ते त्याला पटेल.